मोडल परफेक्ट आणि फ्रेजल व्हर्ब: नेहमी अडणारे प्रश्न

‘शुड हॅव’, ‘मस्ट हॅव’ (मोडल परफेक्ट) येतं, ‘गिव्ह अप’, ‘टर्न ऑफ’ (फ्रेजल व्हर्ब) हेही येतं, पण दोन्ही एकाच वाक्यात आले की गाडी अडते. सूत्र बहुतेकांना पाठ असतं. चुका होतात त्या मोडल, म्हणजे ‘शुड’, ‘मस्ट’सारखं सहायक क्रियापद, निवडताना आणि कर्म कुठे बसवायचं हे ठरवताना. म्हणून इथे त्या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे. इंग्रजी वाक्यं उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. सराव करताना ती रोमन लिपीत लिहून पाहा, कारण काही चुका फक्त स्पेलिंगमध्येच दिसतात.

ही रचना नेमकी बनते कशी?

आधी मोडल, मग ‘हॅव’, मग क्रियापदाचं तिसरं रूप, शेवटी पार्टिकल. ‘ही शुड हॅव गिव्हन अप.’ त्याने नाद सोडायला हवा होता.

यातला बदलणारा भाग एकच, तिसरं रूप. कर्ता ‘ही’ असो, ‘शी’ असो की ‘दे’, मोडलनंतर कायम ‘हॅव’च येतं. ‘शी शुड हॅज’ किंवा ‘शी शुड हॅड’ असं कधीच होत नाही. वाक्य भूतकाळाबद्दल आहे म्हणून ‘हॅड’ लिहिण्याचा मोह होतो, पण भूतकाळ दाखवण्याचं काम ‘हॅव’ आणि तिसरं रूप मिळून आधीच करत असतात. पार्टिकल, म्हणजे ‘अप’, ‘ऑफ’, ‘डाउन’ वगैरे, कोणत्याही काळात जसंच्या तसं राहतं.

कोणता मोडल घ्यायचा हे कसं ठरवायचं?

आधी वाक्य मराठीत म्हणून पाहा आणि शेवटी ‘असता’ येतंय की ‘असेल’, ते ऐका. ‘असता, असती, असतं’ आलं तर ती गोष्ट घडलेली नाही, हे बोलणाऱ्याला माहीत आहे. ‘असेल’ किंवा ‘असणार’ आलं तर काय घडलं ते त्याला माहीत नाही, तो अंदाज बांधतोय. इंग्रजीत ही विभागणी मोडलवर अवलंबून असते.

अंदाजाचे मोडल, गोष्ट घडल्याची शक्यता कमी होत जाते त्या क्रमाने:

‘द कार मस्ट हॅव ब्रोकन डाउन.’ गाडी बंद पडली असणार.
‘द कार मे हॅव ब्रोकन डाउन.’ गाडी बंद पडली असेल.
‘द कार माइट हॅव ब्रोकन डाउन.’ कदाचित गाडीबिडी बंद पडली असेल.
‘द कार कान्ट हॅव ब्रोकन डाउन.’ गाडी बंद पडली असणं शक्यच नाही.

‘मे’ आणि ‘माइट’ यांच्यातला फरक इतका बारीक आहे की रोजच्या बोलण्यात तो कुणी पाळत नाही.

न घडलेल्या गोष्टींचे मोडल:

‘आय वुड हॅव टर्न्ड इट डाउन.’ मी नकार दिला असता.
‘आय कुड हॅव टर्न्ड इट डाउन.’ मला नकार देता आला असता (पण दिला नाही).
‘आय शुड हॅव टर्न्ड इट डाउन.’ मी नकार द्यायला हवा होता. ‘ऑट टु हॅव’चाही अर्थ हाच, फक्त ते जरा पुस्तकी वाटतं.

घडलेल्या पण विनाकारण केलेल्या गोष्टीसाठी ‘नीडन्ट हॅव’. ‘यू नीडन्ट हॅव गॉट अप सो अर्ली.’ उगाच इतक्या लवकर उठलास. ‘यू डिडन्ट नीड टु गेट अप अर्ली’ म्हटलं तर गरज नव्हती एवढंच कळतं. माणूस उठला की झोपून राहिला, ते संदर्भावरून ठरतं.

‘शुड हॅव’ होकारार्थी आहे, मग अर्थ नकारार्थी कसा?

कारण ते अपेक्षेबद्दल बोलतं. ‘यू शुड हॅव बॅक्ड अप द फाइल्स’ याचा अर्थ फाइल्सचा बॅकअप घेतला गेला नाही. ‘यू शुडन्ट हॅव गिव्हन इन’ याचा अर्थ समोरचा नमला. वाक्यात होकार तर प्रत्यक्षात नकार, वाक्यात नकार तर प्रत्यक्षात होकार.

याला एक अपवाद आहे. ‘दे शुड हॅव गॉट बॅक बाय नाउ.’ एव्हाना ते परतले असायला हवेत. इथे तक्रार नाही, हिशेबाने काढलेला अंदाज आहे, आणि ते परतलेही असतील. ‘बाय नाउ’सारखे शब्द दिसले की हा अर्थ आधी तपासा.

‘त्याला जावंच लागलं’ यासाठी ‘मस्ट हॅव’ चालेल का?

नाही. वर्तमानात ‘मस्ट’ सक्ती दाखवतं, म्हणून भूतकाळातली सक्ती ‘मस्ट हॅव’ने दाखवता येईल असं वाटतं. प्रत्यक्षात ‘मस्ट हॅव’ला अनुमानाशिवाय दुसरा अर्थ जवळजवळ नसतोच. सक्तीसाठी ‘हॅड टु’ वापरायचं.

‘शी हॅड टु कॉल ऑफ द मीटिंग.’ तिला मीटिंग रद्द करावी लागली.
‘शी मस्ट हॅव कॉल्ड ऑफ द मीटिंग.’ तिने मीटिंग रद्द केली असणार.

दुसऱ्या वाक्यात मीटिंग रद्द झाली की नाही, हे बोलणाऱ्यालाच ठाऊक नाही. ऑफिसच्या ईमेलमध्ये ही अदलाबदल झाली तर वाचणारा थेट चुकीचा निष्कर्ष काढतो. नकारार्थी अनुमानासाठी ब्रिटिश इंग्रजीत ‘कान्ट हॅव’ रूढ आहे. अमेरिकन बोलण्यात ‘मस्ट नॉट हॅव’ही सर्रास ऐकू येतं.

‘कुड हॅव’चे दोन अर्थ वेगळे कसे ओळखायचे?

‘ही कुड हॅव ड्रॉप्ड ऑफ’ हे वाक्य एकटं दिलं तर ओळखता येत नाही. ‘त्याला डुलकी लागली असेल’ हा एक अर्थ, ‘त्याला डुलकी लागू शकली असती’ हा दुसरा. निर्णय शेजारच्या वाक्यावरून होतो. ‘ही इजन्ट आन्सरिंग’ असं पुढे असेल तर अंदाज. ‘बट द कॉफी केप्ट हिम गोइंग’ असं असेल तर न घडलेली गोष्ट. लिहिताना संदिग्धता नको असेल तर अंदाजासाठी ‘मे हॅव’ वापरून मोकळं व्हा. ‘माइट हॅव’ इथे कामी येत नाही, कारण तेही दोन्हीकडे चालतं: ‘बी केअरफुल, यू माइट हॅव फॉलन ऑफ!’ म्हणजे पडला असतास ना!

‘माइट हॅव’चा आणखी एक उपयोग पुस्तकांत क्वचितच शिकवला जातो. ‘यू माइट हॅव कॉल्ड बॅक!’ निदान उलटा फोन तरी करायचास. हा स्पष्ट टोमणा आहे, आणि तो ओळखता आला नाही तर माणूस गोंधळून ‘येस, माइट बी’ असं उत्तर देऊन बसतो.

तिसऱ्या रूपात कोणत्या चुका जास्त होतात?

सगळ्यात जास्त चूक म्हणजे दुसरं रूप वापरणं. ‘शुड हॅव वेन्ट ओव्हर’ नाही, ‘शुड हॅव गॉन ओव्हर’. ‘मस्ट हॅव ब्रोक डाउन’ नाही, ‘ब्रोकन डाउन’. याच घरातली बाकीची: ‘गिव्हन अप’, ‘टेकन ऑफ’, ‘थ्रोन अवे’, ‘वोर्न आउट’, ‘वोकन अप’, ‘फॉलन थ्रू’, ‘ब्लोन अप’.

काही क्रियापदांचं तिसरं रूप मूळ रूपासारखंच असतं आणि तिथेही फसगत होते. ‘रन–रॅन–रन’, म्हणून ‘द इंक मस्ट हॅव रन आउट’. ‘रॅन आउट’ चूक. ‘कम–केम–कम’, म्हणून ‘यू मे हॅव कम अक्रॉस हिज नेम’. ‘पुट ऑफ’, ‘सेट अप’, ‘कट डाउन’, ‘लेट डाउन’ यांत तर काहीच बदलत नाही, आणि तरीही ‘शुड हॅव कटेड डाउन’ लिहिणारे भेटतात.

‘गेट’चं तिसरं रूप ब्रिटिश इंग्रजीत ‘गॉट’, अमेरिकनमध्ये बहुधा ‘गॉटन’. ‘ही कुडन्ट हॅव गॉटन अवे विथ इट’ चूक नाही. फक्त एकाच लेखात दोन्ही रूपं मिसळू नका.

‘लाय डाउन’ आणि ‘ले डाउन’ ही जोडी इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही चकवते. आडवं होणं म्हणजे ‘लाय–ले–लेन’, म्हणून ‘यू शुड हॅव लेन डाउन’. नियम घालून देणं म्हणजे ‘ले–लेड–लेड’, म्हणून ‘दे शुड हॅव लेड डाउन द रूल्स’.

आणखी एक चूक कानामुळे होते. ‘टर्न्ड डाउन’, ‘स्लोड डाउन’, ‘काम्ड डाउन’ बोलताना पहिल्या शब्दाच्या शेवटचा ‘ड’ पुढच्या ‘ड’मध्ये विरघळतो. ऐकू येतं ‘शुड हॅव टर्न डाउन’, आणि तसंच लिहिलं जातं. ‘डाउन’ असलेली नियमित क्रियापदं लिहून झाली की शेवटचा ईडी आहे ना, हे मुद्दाम पाहा.

‘बॅकअप’, ‘लॉगइन’, ‘सेटअप’ जोडून लिहायचं की तोडून?

नाम असेल तर जोडून, क्रियापद असेल तर तोडून. ‘हॅव’नंतर क्रियापदच येतं, त्यामुळे या रचनेत दोन शब्द वेगळेच हवेत. कालप्रत्यय पहिल्या शब्दाला लागतो: ‘लॉग्ड इन’, ‘बॅक्ड अप’. ‘बॅकअप्ड’ असा शब्द नाही.

‘इट’, ‘हिम’, ‘देम’ मध्ये घालायचं की शेवटी?

हे क्रियापदाच्या प्रकारावर ठरतं, मोडलचा यात काही संबंध नाही.

फुटणारी फ्रेजल व्हर्ब: ‘टर्न ऑफ’, ‘थ्रो अवे’, ‘कॉल ऑफ’, ‘पुट ऑफ’, ‘फिल इन’, ‘टर्न डाउन’, ‘वर्क आउट’. यांच्याबरोबर सर्वनाम आलं तर ते मध्येच बसतं. ‘यू शुड हॅव टर्न्ड इट ऑफ.’ ‘शुड हॅव टर्न्ड ऑफ इट’ ही सरळ चूक आहे. कर्म नाम असेल तर दोन्ही जागा चालतात: ‘टर्न्ड ऑफ द हीटर’ किंवा ‘टर्न्ड द हीटर ऑफ’. मात्र कर्म लांबलचक असेल तर पार्टिकल आधीच उरकून घ्या. ‘ही शुड हॅव टर्न्ड डाउन दि ऑफर दॅट केम लास्ट वीक’ वाचायला सोपं आहे; तेच ‘डाउन’ वाक्याच्या शेवटी टाकलं तर वाचणारा तिथे पोचेपर्यंत ‘टर्न्ड’ विसरलेला असतो.

न फुटणारी: ‘लुक आफ्टर’, ‘रन इन्टु’, ‘लुक इन्टु’, ‘कम अक्रॉस’, ‘गेट ओव्हर’, ‘गो थ्रू’. इथे सर्वनामही शेवटीच येतं. ‘आय मस्ट हॅव रन इन्टु हिम समव्हेअर.’ तो मला कुठेतरी भेटला असणार.

तीन शब्दांची: ‘पुट अप विथ’, ‘रन आउट ऑव्ह’, ‘गेट अवे विथ’, ‘कम अप विथ’. कर्म तिन्ही शब्दांनंतर. ‘आय कुडन्ट हॅव पुट अप विथ इट.’ मला ते सहन झालंच नसतं.

नवं फ्रेजल व्हर्ब वहीत टिपताना नुसतं ‘टर्न ऑफ’ लिहिण्यापेक्षा ‘टर्न इट ऑफ’ आणि ‘लुक आफ्टर इट’ असं ‘इट’सकट लिहिलं तर प्रकार वेगळा पाठ करावा लागत नाही.

जागा बदलली की अर्थही बदलतो का?

मोजक्या ठिकाणी बदलतो, आणि तिथे चूक महागात पडते. ‘शी शुड हॅव सीन थ्रू हिम’ म्हणजे तिने त्याचं ढोंग ओळखायला हवं होतं. ‘शी शुड हॅव सीन इट थ्रू’ म्हणजे तिने ते काम तडीस न्यायला हवं होतं. तसंच ‘ही शुड हॅव गॉट ओव्हर इट’ म्हणजे त्यातून सावरायला हवं होतं, तर ‘ही शुड हॅव गॉट इट ओव्हर विथ’ म्हणजे ते एकदाचं उरकून टाकायला हवं होतं. ‘रन ओव्हर’ला मात्र दोन्ही जागा चालतात आणि गाडीखाली येणाऱ्याच्या दृष्टीने फरक काहीच पडत नाही.

प्रश्न, नकार आणि क्रियाविशेषण कुठे येतात?

प्रश्नात फक्त मोडल कर्त्याच्या आधी जातो, ‘हॅव’ जागचं हलत नाही. ‘शुड आय हॅव कॉल्ड इट ऑफ?’ अंदाजाचा प्रश्न विचारताना ‘मस्ट’ सहसा येत नाही, ‘कुड’ येतं: ‘कुड ही हॅव मेड इट अप?’ त्याने ते मनाचं रचलं असेल का?

‘नॉट’ आणि ‘नेव्हर’ मोडल आणि ‘हॅव’च्या मध्ये: ‘यू शुड नेव्हर हॅव गिव्हन इन.’ ‘ऑलरेडी’ बहुधा ‘हॅव’नंतर: ‘दे मस्ट हॅव ऑलरेडी सेट ऑफ.’ ‘केअरफुली’सारखं रीत सांगणारं क्रियाविशेषण वाक्याच्या शेवटी ठेवलं की चुकायची भीती राहत नाही.

मराठी बोलणाऱ्यांकडून एक तुकडा हमखास गळतो. कर्म वाक्याच्या पुढे गेलं तरी पार्टिकल मागे उरलं पाहिजे. ‘विच फाइल्स शुड वी हॅव गॉन थ्रू?’ यातलं शेवटचं ‘थ्रू’ निरर्थक वाटतं आणि वगळलं जातं, मग ‘कोणत्या फाइल्स आपण जायला हव्या होत्या’ असं काहीतरी उरतं.

पॅसिव्ह करता येतं का?

येतं. मोडल, ‘हॅव’, ‘बीन’, तिसरं रूप, पार्टिकल. ‘द मीटिंग शुड हॅव बीन पुट ऑफ.’ ‘द मॅच मस्ट हॅव बीन कॉल्ड ऑफ.’ न फुटणाऱ्यांचंही होतं: ‘द पेशंट शुड हॅव बीन लुक्ड आफ्टर.’

अट एवढीच की मूळ क्रियापदाला कर्म लागायला हवं. ‘ब्रेक डाउन’ बंद पडण्याच्या अर्थाने अकर्मक आहे, म्हणून ‘द कार मस्ट हॅव बीन ब्रोकन डाउन’ चालत नाही. ‘रन आउट’, ‘शो अप’, ‘फॉल थ्रू’ आणि विमानाचं ‘टेक ऑफ’ यांनाही पॅसिव्ह नाही. गंमत म्हणजे दार तोडण्याच्या अर्थाने ‘ब्रेक डाउन’ सकर्मक आहे, त्यामुळे ‘द डोअर मस्ट हॅव बीन ब्रोकन डाउन’ अगदी बरोबर. ‘वाढणं’ आणि ‘वाढवणं’ यांचीही अशीच जोडी आहे: ‘शी मस्ट हॅव ग्रोन अप हिअर’, पण ‘शी मस्ट हॅव बीन ब्रॉट अप हिअर’.

‘मस्ट हॅव बीन पुटिंग इट ऑफ’ हा पॅसिव्ह आहे का?

नाही, ते चालू राहिलेलं काम आहे. ‘बीन’नंतर आयएनजी असलेलं रूप आलं की कर्ता स्वतः काहीतरी करत होता: तो ते कितीतरी दिवस पुढे ढकलत आला असणार. ‘बीन’नंतर तिसरं रूप आलं की कर्त्यावर क्रिया झाली. ‘पुट’चं तिसरं रूप ‘पुट’च असल्यामुळे ‘बीन पुट ऑफ’ आणि ‘बीन पुटिंग ऑफ’ यांत घाईने वाचणारा गोंधळतो.

‘इफ’च्या वाक्यात ‘वुड हॅव’ दोन्हीकडे का येत नाही?

मराठीत येतं म्हणून इंग्रजीतही यावं असं वाटतं. ‘मला कळलं असतं तर मी नकार दिला असता.’ दोन्ही भागांत ‘असतं’ आणि ‘असता’. त्यामुळे हातून ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव टर्न्ड इट डाउन’ असं वाक्य निघतं. प्रमाण लेखी इंग्रजीत ‘इफ’च्या बाजूला ‘हॅड’ आणि तिसरं रूप असतं:

‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव टर्न्ड इट डाउन.’
‘इफ द डील हॅडन्ट फॉलन थ्रू, वी कुड हॅव मूव्ह्ड इन.’ व्यवहार फिसकटला नसता तर आपण राहायला जाऊ शकलो असतो.

अमेरिकन बोलण्यात दोन्हीकडे ‘वुड हॅव’ ऐकू येतं, पण परीक्षेत आणि औपचारिक पत्रात त्यावर लाल रेघ मारली जाते.

संक्षेपाने घोळ आणखी वाढतो, कारण ‘आय हॅड’ आणि ‘आय वुड’ दोन्हींचं ‘आयड’ होतं. त्याच्या लगेच पुढे ‘हॅव’ असेल तर ते ‘वुड’, थेट तिसरं रूप असेल तर ‘हॅड’.

‘शुड ऑव्ह’ असं लिहिलेलं दिसतं, ते बरोबर आहे का?

चूक. बोलताना ‘हॅव’ दुबळं होऊन नुसतं ‘अव्ह’ उरतं आणि ‘ऑव्ह’चाही उच्चार तसाच होतो, म्हणून इंग्रजी मातृभाषा असणारेही तसं लिहितात. झरझर बोलण्यात ‘शुडा’, ‘कुडा’, ‘मस्टा’ इतकंच ऐकू येतं. उच्चार तसा करायला हरकत नाही. उलट ‘शुड–हॅव–टर्न्ड–इट–ऑफ’ असं प्रत्येक शब्दावर सारखा जोर देऊन बोललं तर ते कृत्रिम वाटतं. जोर ‘टर्न्ड’वर आणि ‘ऑफ’वर द्या, बाकीचं घाईत सरकू द्या. ‘लुक आफ्टर’सारख्या न फुटणाऱ्यांत पार्टिकलवर सहसा जोर नसतो.

छोट्या उत्तरात पार्टिकल येतं का?

येत नाही. ‘शुड ही हॅव बॅक्ड आउट?’ याला ‘ही शुड हॅव’ किंवा ब्रिटिश धाटणीचं ‘ही शुड हॅव डन’. एकटं ‘ही शुड’ अपुरं पडतं.

औपचारिक लेखनात फ्रेजल व्हर्ब टाळावीत का?

सरसकट नाही. अहवालात ‘शुड हॅव पोस्टपोन्ड’ हे ‘शुड हॅव पुट ऑफ’पेक्षा नेटकं दिसतं, ‘लुक्ड इन्टु’ऐवजी ‘इन्व्हेस्टिगेटेड’, ‘टर्न्ड डाउन’ऐवजी ‘रिजेक्टेड’. पण ‘लॉग्ड इन’, ‘बॅक्ड अप’ यांना तितका सुटसुटीत पर्याय नाही, तो शोधू नये.

शब्दापेक्षा सूर जास्त सांभाळावा लागतो. ‘यू शुड हॅव फिल्ड इन द फॉर्म’ हे ईमेलमध्ये कान उपटल्यासारखं वाटतं. ‘द फॉर्म शुड हॅव बीन फिल्ड इन’ म्हटलं की बोट माणसावरून फॉर्मकडे वळतं.

स्वतःची तयारी कशी तपासायची?

खालची वाक्यं आधी कागदावर दुरुस्त करा, मग उत्तरं पाहा.

१. ‘शी मस्ट हॅव ग्रू अप इन अ बिग फॅमिली.’
२. ‘आय शुड हॅव थ्रोन अवे देम.’
३. ‘द फ्लाइट मस्ट हॅव बीन टेकन ऑफ.’
४. ‘इफ ही वुड हॅव वोकन अप, ही वुड हॅव कॉट द ट्रेन.’
५. ‘यस्टरडे आय मस्ट हॅव फिल्ड इन थ्री फॉर्म्स, इट वॉज कम्पल्सरी.’
६. ‘दॅट इज द प्रॉब्लेम वी शुड हॅव लुक्ड.’

उत्तरं: पहिल्यात ‘ग्रोन अप’. दुसऱ्यात ‘थ्रोन देम अवे’. तिसऱ्यात ‘बीन’ काढून ‘मस्ट हॅव टेकन ऑफ’. चौथ्यात ‘इफ ही हॅड वोकन अप’. उत्तरार्ध आहे तसाच बरोबर. पाचव्यात सक्ती आहे, म्हणून ‘आय हॅड टु फिल इन’. सहाव्यात शेवटचं ‘इन्टु’ गळलंय.